जाळी कोणी भरली

सुट्टीच्या दिवशी बसच्या रांगेत टेलरकाकांच्या पुढे हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या दोघी उभ्या होत्या. काकांनी कान टवकारले.

“तू गेलीस त्या दुसऱ्या शिफ्टची माणसं कशी आहेत गं? आळशी ना?”

“मशीनची जाळी धाग्यांनी गच्च भरलेली असते.”

“मी म्हणत नव्हते? साफच करत नाहीत मेले.”

“अगं, मी कामावर येते तेव्हाच भरलेली असते. आधीची शिफ्ट आपलीच ना?”

“आपली गोष्ट वेगळी. आपल्याला बस गाठायची असते.”

“त्यांनाही असते. शेवटची. उद्या मी अर्धा तास आधी येऊन तुमच्या सगळ्यांसमोर जाळी उघडणार.”

“तुम्ही दुसऱ्या शिफ्टवाल्या ना, भांडकुदळच.”

“आठ वर्षं तुझ्या शेजारी चादरींच्या घड्या घातल्या मी. तिकडे जेमतेम चार दिवस झालेत. तरी उद्या येणार.”