पाटीतली आंबट द्राक्षं

इंदापूरच्या स्टँडवर बारामतीची गाडी अजून लागायची होती. माधवीबाईंच्या शेजारी बाकावर एक नवराबायको भांडत होते. बायकोच्या मांडीवर द्राक्षांची पाटी होती.

"सारजे, असली कच्ची द्राक्षं वाईन कारखान्याच्या साहेबाला दाखवायची? लाज वाटत न्हाय?"

"अवं, साहेबाला वाईन करायची हाय. परवा आपल्या घरी त्यानं ती थंड मुलखातली, बारा वर्सं जपलेली फेसाळत्या वाईनची बाटली कशाला उघडली? आपल्या द्राक्षांची तशीच करायची म्हणून."

"मला सांगतीस? मी प्यालोय ती!"

"साहेब घोट घोळवून थुकत हुता. तुमी गटागटा गिळून 'झकास' म्हणत हुता. चव घेतली ती मी."

"तू? बाईमाणूस असून?"

"ग्लास कुणी धुतलं? तळाशी उरलेली चाखली. लिंबागत आंबट हुती. अजून पंधरा दिस थांबलो, तर द्राक्षं गोड व्हतील अन साहेब हात लावायचा न्हाय."

"हळू बोल! लोक ऐकत्यात."

"ऐकू द्या. बाई, घ्या वो, तुमीच सांगा."

माधवीबाईंनी द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकला आणि त्यांचे डोळेच मिटले.

"बघ! तोंड बघ त्यांचं!"

"बघितलं. परवा पहिल्या घोटाला तुमचं असंच झालं हुतं. दाराआडनं बघत हुते मी."

गाडी लागली. नवऱ्यानं तणतणत पाटी ओढून घेतली.

"चल. अन साहेबापुढं ग्लासाचं बोलू नगंस. चव मी वळखली म्हणून सांगतो."

"सांगा की. आधी एक मणी खावा, अन तोंड वाकडं न करता 'झकास' म्हणा."