रूपलसरच्या खाणीतली हाक

ऐका. पण आधी ते दार लोटून घ्या. हां. आता मधी कुणी उठायचं न्हाई.

आपल्या वरच्या आळीचा हिंदुराव. तुमच्यातल्या पोरांनी त्याला बघितला नसंल. गलाईवाला हुता. सोनारांचं जुनं सोनं-चांदी आटवून चोख करून द्यायचं, हा धंदा. आपल्याकडची निम्मी माणसं ह्याच धंद्यापायी मुलूखभर पांगली, हा पार मारवाडात, वाळवंटात जाऊन बसला. हाताखाली बायकूचा भाऊ, शहाजी. एकुलता एक. सासूनं त्याचा हात ह्याच्या हातात दिऊन सांगितल्यालं, "जावईबापू, माझं लेकरू तुमच्या पदरात."

तर त्यांच्या दुकानापासनं दोनेक कोसावर रूपलसर. जुन्या काळी तिथं चांदीची खाण. मोठं नांदतं गाव हुतं! बाजार, देवळं, माड्या. मग एकदा खाण ढासळली. आतली माणसं आतच ऱ्हायली, अन् गाव उठलं ते उठलंच. आता नुसती वाळू. अन् भिंती. कशाच्या म्हणता? धातू वितळवायच्या मातीच्या मुशी असत्यात न्हवं, त्या जळक्या मुशी एकावर एक रचून केलेल्या! लोकं दिवसाची बघाय जायची. दिवसाची, बरं का.

सुट्टी बघून शहाजी दुपारी एकटाच गेला. दिवस मावळला. आला न्हाई.

हिंदुरावानं बॅटरी घेतली, मोटारसायकलला किक मारली, निघाला. सडक संपली तिथं एका मेंढक्याचा तळ. म्हातारा शेकोटीला बसलेला. त्यानं काठी आडवी घातली.

"सेठ, उजाडू दे. मग जा."

"माझा मेव्हणा आत हाय."

म्हाताऱ्यानं काठी बाजूला घेतली. मग म्हणला, "जा. पर कुणी हाक मारली तर ओ देऊ नको. कुणीबी मारू दे."

गाडी वाळूत चालंना. तिथंच लावली, पायी निघाला.

आता बाबांनो, वाळूत पावलाचा आवाज हुत न्हाई. तरी मागनं आवाज. खट्... खट्... हिंदुराव थांबला. आवाज थांबला. चालला, की परत खट्! मागं वळून बॅटरी मारली. कुणी न्हाई. मग त्याच्या ध्यानात आलं. आवाज मागं नव्हताच. पायाखाली हुता. जमिनीच्या पोटात कुणीतरी दगूड फोडत हुतं!

तरी गेला. गावात शिरला. बॅटरीचा उजेड भिंतीवर पडला, तर मुशींच्या तोंडातनं धूर निघाय लागला. कवाच्या विझलेल्या मुशी त्या! अन् तेवढ्यात...

"हिंदुराव, आलास व्हय? ये की, जेवून जा."

मारवाडीत न्हाई हो. आपल्या बोलीत! हितल्या बोलीत! अन् गड्याच्या तोंडातनं सवयीनं निघून गेलं, "आलो, आलो."

दिली की ओ!

बॅटरी विझली. पाय आपोआप चालाय लागले. चांदण्यांच्या उजेडात पुढं खाणीचं तोंड दिसलं, काळं, इहिरीसारखं. अन् काठावर पाय आत सोडून कोण बसलंय? शहाजी! हिंदुरावानं झडप घालून मनगट धरलं, मागं वढलं, "चल!" पोरगं उठलं. पर एक शब्द न्हाई.

थोडं पुढं आले, अन् मागनं, खाणीतनं आवाज आला.

"दाजी! आवो दाजी, मी हितं खाली पडलोय! पाय मोडलाय माझा! तुम्ही कुणाला घिऊन चाललाय?"

शहाजीचाच आवाज!

हिंदुराव थिजला. हातातला हात तर गारठोण. "शहाजी, बोल रं काहीतरी!" हा मुका. अंधारात त्वांड दिसंना. अन् खालचा हंबरडा फोडतोय, "आईला काय सांगणार, दाजी?"

आता तुम्हीच सांगा. सोडायचा का धरायचा?

हिंदुरावानं तो हात छातीशी धरला. अन् कळलं त्याला. हात थरथरत हुता. तळवा घामानं चिंब. खालचा रडत हुता खरा, पर भीत नव्हता. हातातला भीत हुता. मेल्याला कशाचं भ्या? जो भितोय, तोच आपला!

अन् पळाला त्याला घिऊन! मग खवळलं बघा. वाळू खचाय लागली, गुडघ्यापतोर पाय आत. खालनं अख्खं गाव हाका मारतंय, बायकूच्या आवाजात, मेलेल्या बापाच्या आवाजात. हिंदुरावानं व्हट दातात धरला, रगत आलं, पर ओ दिली न्हाई. शेवटाला सडकंजवळ, मेंढक्याच्या तळापाशी आले अन् कमरेपतोर रुतले, तवा त्या म्हाताऱ्यानं डोईचं पागुटं सोडून फेकलं अन् दोघांना वढून काढलं.

उजाडल्यावर शहाजी बोलला. काय म्हणला? "दाजी, दुपारपासनं तुम्हीच खालनं हाका मारत हुता. 'उतर, मी धरतो.' उतरणारच हुतो. तेवढ्यात तुम्ही वरनं येऊन धरलंत. मला वाटलं, हेच भूत. म्हणून माझी दातखीळ बसली."

म्हंजी त्यो भीत हुता ते हिंदुरावालाच!

शहाजीनं गलाई सोडली, हाय आता मळ्यात. मागनं हाक मारून बघा, वळत न्हाई. पुढं जाऊन त्वांड दाखवावं लागतं.

तवा पोरांनो, पोटापायी मुलूखभर हिंडा. पर दिवस मावळल्यावर रूपलसरची वाट धरू नका. अन् परक्या मुलखात, अंधारात, कुणी आपल्या बोलीत जेवाय बोलावलं, तर ओ देऊ नका. आधी त्याचं त्वांड बघा.