सुनेनं मागितलेला अंगठा

शंकऱ्याला समदं ठाऊक हाय, तरी माझ्याच तोंडून ऐकायचंय त्याला. ऐका मग.

माझी सून घरी कार्डं बनवती, गोणपाट, लोकर, कांद्याची टरफलं चिकटवून. त्या दिवशी ताटलीत घट्ट लाल रंग घेऊन आली आन् म्हणली, "आबा, अंगठा द्या जरा."

यवतहून आलेले तिचे वडील समोरच बसलेले. तरी मी ओरडलो, "जमीन लिहून पाहिजे व्हय? मी अजून मेलो न्हाई!"

पोरगी रडायलाच लागली. व्याह्यानं कार्ड माझ्यापुढं धरलं. "पाव्हणं, तुमच्याच लेकीच्या वास्तुशांतीचं हाय."

गोणपाटावर फूल होतं. घरातल्या समद्यांच्या अंगठ्यांच्या पाकळ्या, आन् माझी जागा मोकळी.

मान खाली घालून अंगठा दिला. सुनेची माफी मागितली.

"सुना अंगठा घेऊन जमीन लाटत्यात," असं सकाळीच माझ्या डोक्यात भरवणाऱ्यानं मात्र माझी अजून मागितली न्हाई. काय रं शंकऱ्या?