वजनाचा रकाना

आरोग्य केंद्राच्या खिडकीपाशी माझ्या पुढे एक बाई उभी होती. आत सिस्टर रजिस्टर उघडून बसल्या होत्या.

“सिस्टर, बाळाचं नाव कमी करा. लसीला आणा म्हणून सारखे मेसेज येतात.”

“का? दुसरीकडे राहायला गेलात?”

“नाही. बाळ गेलं. तीन महिने झाले.”

“अगं बाई! पण गेल्याच आठवड्यात वजन झालंय की त्याचं. ही बघ नोंद.”

“कोणी केलं वजन? घरी तर कोणी फिरकलंच नाही.”

“काटाच बंद पडलाय गं, चार महिने. रकाना रिकामा दिसला की वरून फोन येतात. मग दर महिन्याला आम्ही अर्धा किलो चढवतो. मी तरी काय करू?”

“आता कमी करा ना.”

“मृत्यूचा दाखला आणलास?”

“घरीच गेलं हो. दाखला कोण देणार?”

“मग मला नाही खोडता येणार.”

“बरं. आता किती भरलंय, तेवढं सांगा.”

“सहा किलो.”

“शेवटचं इथंच तोललं, तेव्हा चारच होतं. छान बाळसं धरलंय की. राहू द्या मग नाव.”