एफ-पाच

माधवनगरच्या वाचनालयात पुस्तक घेऊन मी उभा होतो. ग्रंथपाल रेश्मा बंगळुरूला असलेल्या नवऱ्याशी स्पीकरवर बोलत होती. मी ऐकायला नको होतं.

"आवं, नव्या संगणकावर तुमचा प्रोग्राम चालंना. एफ-पाच दाबलं की सभासदाचं नाव यायचं. आता नुसते कंस आन् ई उमटतोय."

"टर्मिनलच्या सेटिंगमधी फंक्शन कीजपुढं काय हाय?"

"लिनक्स."

"ते एक्सटर्म कर. आता दाब."

पडद्यावर माझं नाव आलं.

"आलं का?"

"न्हाई. कंसच हायत."

"मग मलाच यावं लागंल गं."

"कवा?"

"शनिवारी बघतो."

"दिवाळीपासनं बघतायच की."

"येतो, खरंच येतो."

तिनं माझ्या पुस्तकावर शिक्का आवाज न करता टेकवला.