साठ, पण कुणाचे?

...म्हणे घरी बसा! मला! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं त्या लाँड्रीत गरम पाण्याच्या दोन टाक्या सांभाळल्या, थोरली आणि धाकटी, पोटच्या पोरींसारख्या! आणि हा नवा साहेब, ओठ पिळले तर दूध निघेल असा, तो आला काय, दोघींना जाड गोधड्या गुंडाळल्या काय (माझी पाठ शेकायची सोय गेली ती गेलीच!), आणि दोघींचं पाणी जिथं एक होतं त्या नळीवर तापमानाचा एकुलता एक काटा बसवून मला म्हणतो, "काका, आता सिस्टिमला ऑब्झर्व्हेबिलिटी आली. बाहेरच्या काट्यावरून आतलं सगळं कळतं. उद्यापासून तुम्ही आराम करा."

अब्रूबिलिटी! इथं माझी अब्रू चाललीय, आणि ह्याची अब्रूबिलिटी! मला अक्षर येत नाही, पण आकडे येतात. काटा बरोब्बर साठावर. साठ हो... पण कुणाचे साठ?

कारण गोधडीतून थोरली गुरगुरत होती!

"साहेब, थोरली तापलीय."

"काका, काटा बघा ना. साठ!"

"दिसतात हो साठ, पण कुणाचे?"

"दोघींचे!"

दोघींचे म्हणे! अहो, माझ्या घरी दोन सुना आहेत. दोघींना एकत्र विचारा, "काय गं, कसं चाललंय?" "छान, मामंजी!" आता एकीला बाजारात धाडा आणि दुसरीला विचारा... चहाचं पाणी होईल, पण तिचं संपायचं नाही!

म्हटलं, साहेब, पैज. हरलो तर उद्या कशाला, आत्ताच घरी जातो. आणि धाकटीचा व्हॉल्व्ह केला बंद! आता बोल गं थोरले! काटा हलला... सत्तर... ऐंशी... पंच्याण्णव! साहेब आमच्या चादरींहून पांढरा! झटक्यात थोरलीची वीज तोडली, तिचा व्हॉल्व्ह दाबून बंद केला, धाकटी सोडली, तर काटा धाडकन पंचविसावर! एक फुटायच्या बेतात, दुसरी गारठलेली, आणि दोघी मिळून गुणी बाळं... साठ!

साहेब हळूच म्हणतो, "काका... उद्या जरा लवकर याल?"

येईन की! छाती पुढे काढून घरी गेलो. आता आमच्या घरात दोघांना साखर बंद, मला आणि आमच्या दादाला. साखरेचा डबा मात्र भराभर उतरतो. बायको रोज विचारते, आम्ही भाऊ एका सुरात, "आम्ही नाही!" आणि मी शहाणा, आनंदाच्या भरात बायकोला सगळी हकीकत सांगून बसलो, व्हॉल्व्ह कसा फिरवला त्याच्या हातवाऱ्यांसकट!

तिनं शांतपणे ऐकलं. मग दादाला म्हणाली, "भावजी, जरा दूध घेऊन येता का?"

दादा गेला. दार लागलं. ती माझ्याकडे वळली.

"डबा अर्धा झालाय हो... पण कुणाचा अर्धा?"

काय करता... म्हटलं, दोन चमचे दादाचे. बाकी मीच.