उर्मीची होडी आणि हवेतलं पाणी

मंडळी, नाम घेऊन घसे मोकळे झाले — आता कान मोकळे करा! आणि ही पुढची बच्चेकंपनी, अजून थोडी सरका पुढे. पण पेटीवाल्या आबांच्या मांडीवर चढू नका हं! सूर त्यांचा चुकतो आणि लोक बोल मला लावतात!

हं. मुलांनो, आता डोळे मिटा. मिटले? तो खांबाजवळचा एका डोळ्यानं बघतोय — दोन्ही रे, दोन्ही! आता असं समजा, की तुमच्या मांडीवर एक होडी आहे. हातभर लांबीची, लाकडाची, पण हुबेहूब खरी! पुढे टोकदार नाळ, मागे सुकाणू, मधे इवलीशी केबिन. तुम्ही तिला रंग देताय. निम्मी होडी अशी गुळगुळीत झालीय, की माशीचा पाय घसरावा! आणि एवढ्यात — रंगावर फोड! एक, मग दुसरा, मग पुरळ उठावा तसे सगळीकडे. कसं वाटलं? उघडा डोळे.

आता सांगा. काम बिघडलं, तर दोष कुणाचा? हाताचा की हत्याराचा?

“हाताचा!” — बघा, सगळ्या आया एका सुरात! आबांच्या पेटीलाही असा सूर लागत नाही! आणि मुलं? मुलं गप्प. त्यांना घरी हे उत्तर रोज मिळतं. पण मंडळी, घाई करू नका. आधी आख्यान ऐका.

खारवणे नावाचं एक बंदर होतं. तिथे जयवंत तांडेल राहायचा. उभा जन्म दर्यावर काढलेला माणूस. त्याची होडी ‘भगवतीप्रसाद’ म्हातारी झाली, फळ्या कुजल्या, शेवटी मोडावी लागली. आता त्या गावची एक रीत होती. होडी मोडली, की तिच्याच एखाद्या बऱ्या फळीतून तिची लहान प्रतिकृती कोरायची, बरोबर माप धरून, आणि जत्रेच्या दिवशी भगवतीच्या मंडपात आढ्याला टांगायची. का? अहो, जिनं पोटाला घातलं, तिला मोडून चुलीत घालायची आणि विसरून जायचं? माणसात हे बसतं का?

जयवंतानं होडी कोरली. कोरताना कितीदा डोळे पुसले ते त्याला ठाऊक आणि देवीला ठाऊक. आणि रंगाचं काम दिलं लेकीला. लेकीचं नाव उर्मी. सातवीतली पोर. तिला लहान लहान मॉडेलं रंगवायचा भारी नाद! विमान म्हणू नका, रेल्वेचं इंजिन म्हणू नका. पुण्याच्या मंगेशमामानं तिला एक एअरब्रश दिला होता.

आबा, एअरब्रश म्हणजे काय, माहीत आहे? नाही ना? मग ऐका. पेनाएवढी बंदूक. वर वाटी, वाटीत पातळ केलेला रंग. मागे नळी, नळीच्या टोकाला हवा कोंडून पाठवणारं यंत्र — कॉम्प्रेसर. खटका दाबला की हवा सुटते, मागे ओढला की रंग सुटतो, आणि पहाटेचं धुकं बसावं तसा लाकडावर जाऊन बसतो! ब्रशची एक रेघ दिसत नाही!

तर उर्मी बसली पडवीत. हिरवा रंग घेतला — भगवतीप्रसाद हिरवीच होती. खटका दाबला. फुस्स्स! वा! काय रंग बसला! नाळेपासून निम्म्यापर्यंत नुसतं रेशीम! आणि मग — तुम्हाला माहीतच आहे — फोड!

तेवढ्यात द्वारकाआत्या आली. जयवंताची मोठी बहीण. तिचा शब्द म्हणजे बंदरावरचा वादळाचा बावटा — वर चढला, की कोणी घराबाहेर पडायचं नाही!

“काय गो, झालं?” आत्या म्हणाली.

“होत आलं होतं, आत्या. मग बिघडलं.”

“होत आलं होतं! तुझं सगळं असंच. भरतकाम काढलंस, अर्धी कैरी झाली नि टाकलंस. पोहायला गेलीस, निम्म्यातून परत. सुरुवात बघावी तर झकास आणि शेवटी बोंब! हातात दमच नाही तुझ्या.”

 उर्मीनं रंग घासून काढला, होडी पुसली, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. श्वास रोखून, दात आवळून. पुन्हा सुरुवात रेशमाची — पुन्हा मधेच फोड! तिसऱ्यांदा तर तिनं देवीला नारळ बोलला. देवी काय करणार? तिला बिचारीला वाटलं असेल, नारळ राहू दे बाय, जरा डोळे उघडून बघ!

आणि मंडळी, आता खरी आपत्ती ऐका. फोड होडीवर उठले, ते घासून जातील. पण आत्याचं बोलणं उर्मीला पटलं! पोरीनं मनाशी ठरवून टाकलं — माझाच हात वाईट. मला कुठलंही काम शेवटाला नेता येत नाही. हा फोड कुठल्या पॉलिशपेपरनं घासायचा? सांगा!

आत्यानं जयवंताला सांगितलं, “रविवारी तालुक्याच्या पेंटरला बोलावलंय. होडी त्याच्याकडे दे. देवीच्या मंडपात पुरळ उठलेली होडी टांगायची नाही.”

जयवंत लेकीकडे बघून म्हणाला, “रविवारपर्यंत बघू.” दर्यावरच्या माणसाचं ‘बघू’! त्यातून ना हो निघतं, ना नाही.

इकडे मंगेशमामाचा पुण्याहून फोन. “उर्मे, जत्रेला येतोय. एअरब्रशच्या दुकानात जाणार आहे. तुला एक वस्तू आणतो. एकच हं! नाहीतर मामी मला पुण्यातच ठेवून घेईल. काय आणू?”

उर्मीला विचार करावा लागला नाही. “नवीन बंदूक! बारीक सुईची. ती काळ्या मखमलीच्या डबीत असते ना, ती!”

का बरं? आपली बंदूक खराब आहे, असं तिला वाटलं का? नाही! तिला वाटलं, हात वाईट आहे तर आहे, निदान चांगल्या बंदुकीखाली तो झाकला जाईल. कळलं का, मंडळी? आपण पुष्कळ वस्तू अशाच आणतो. कामासाठी नाही — झाकायला!

मग आला शुक्रवार. दुपारची वेळ. वारा पडलेला, अंगाला नुसत्या घामाच्या धारा. उर्मी पडवीत रुसून बसली होती. बंदूक धुतलेली, वाटी रिकामी, कॉम्प्रेसर घुर्र घुर्र चालू. रंग द्यायचा नव्हताच. तिनं काय करावं? डोळे मिटले आणि बंदूक लांब धरून गालावर नुसती हवा घेत बसली! पंखा म्हणून! मुलांनो, हे घरी करायचं नाही हं! डोळ्यात गेलं म्हणजे जत्रा दवाखान्यात होईल. उर्मीला कोणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला मी सांगितलंय!

गार हवा लागतेय, बरं वाटतंय... आणि टप्! गालावर थेंब.

उर्मीला वाटलं, मी रडतेय की काय! डोळे पुसले, तर कोरडे. पुन्हा टप्! दुसरा थेंब. आता ती ताडकन उठली. भिंतीवरचा बाबांचा दाढीचा आरसा काढला आणि त्याच्यावर हवा सोडली. रंग नाही, होडी नाही, नुसती हवा! आरशावर बारीक बारीक थेंब उभे राहिले!

तिनं कॉम्प्रेसर बंद केला, नळी सोडवून झटकली, वाळू दिली. संध्याकाळी पुन्हा आरशासमोर बसली. सुरुवातीला आरसा कोरडा ठणठणीत! थोडा वेळ गेला, यंत्र तापलं — आणि आले थेंब! अगदी तेव्हाच, जेव्हा रोज रंग बिघडायचा!

मंडळी, समुद्रकाठची हवा ती! ओलीच असते. यंत्र ती हवा कोंडतं, कोंडलेली हवा तापते, नळीत जाऊन निवते, आणि तिच्यातलं पाणी सुटतं. तेच पाणी रंगाबरोबर होडीवर! नवीन बंदूक आणली असती, तरी मखमलीच्या डबीतून काय आलं असतं? फोडच!

आणि हात? हात तर आरशासमोर काहीच करत नव्हता!

उर्मी धावत फोनपाशी. “मामा! दुकानात गेलास का?”

“अगं, दुकानातच आहे! डबी हातात आहे माझ्या. काय चीज आहे गं! माझा तर माघारी द्यायला जीव होईना.”

उर्मीच्या डोळ्यांपुढे ती मखमल आली. अहो, लेकरूच ते! ती डबी तिनं किती दिवस मनात उघडून बघितली होती! फोनवर मामाचा श्वास ऐकू येतोय. म्हणावं का, दोन्ही आण? पण मामानं एकच म्हटलं होतं.

“मामा, ती ठेव. मला पाणी अडवणारी वाटी आण. यंत्राच्या माहितीपत्रकात चित्र आहे तिचं, काचेची असते. नळीच्या मधे बसते. हवा पुढे जाते, पाणी खाली वाटीत राहतं.”

“वाटी? मी तुला मखमल दाखवतोय आणि तू वाटी मागतेस? नंतर तोंड पाडून बसशील.”

“नाही बसणार. मामा, माझा हात वाईट नाहीये!”

मामाला काय कळणार, ती हे कशाचं उत्तर देतेय! तो म्हणाला, “कोण म्हणालं वाईट आहे?” आणि वाटी बांधून घेतली.

रविवार सकाळ. मामानं वाटी बसवून दिली. उर्मीनं आधी आरशावर हवा सोडली. यंत्र तापू दिलं. आरसा? कोरडा! वाटीच्या तळाशी मात्र पाणी साचलेलं. मग घेतला हिरवा रंग. नाळ झाली. निम्मं झालं. निम्म्याच्या पुढे गेली! जयवंत दारात उभा, आत्या खांबाला टेकून. एक बाजू संपली, दुसरी संपत आली, सगळं रेशीम! बाहेर पेंटरची मोटारसायकल येऊन थांबली, हॉर्न वाजला... आणि सुकाणूजवळ रंगाचा एक ओघळ सर्रकन खाली उतरला!

“बघ!” आत्या म्हणाली. “काय सांगितलं होतं मी? शेवटी आलीस ना मूळपदावर!”

थांबा, मंडळी. आबा, पेटी थांबवा. आता तुम्हाला विचारतो. पोरगं फळ्यावरचं गणित चुकतं. आपण म्हणतो, तुला डोकंच नाही! अहो, त्याला फळा दिसतो का, ते विचारलंत? सून करते त्या भाकऱ्या तुटतात. वळण नाही, म्हणता! पीठ जुनं आहे का, बघितलंत? माणसाला नाव ठेवायला पळभर पुरतं. आरसा धरून बघायला दुपार घालवावी लागते, एवढाच त्रास! आणि मुलांनो, तुम्ही फार खूश होऊ नका! उद्या शाळेत म्हणाल, बाई, पेनच खराब होतं! तेही तपासल्याशिवाय म्हणायचं नाही. हाताला उगीच शिव्या नकोत आणि हत्यारालाही नकोत. देवानं डोळे दिलेत. आधी बघा!

मग उर्मीनं काय केलं? रडली? नाही. बंदूक उचलली आणि आरशावर हवा सोडली. आरसा कोरडाच.

“आत्या, हा ओघळ माझा,” ती म्हणाली. आणि मंडळी, हसत म्हणाली! “यात पाणी नाही. हॉर्न वाजला नि मी बंदूक फार जवळ नेली. ही चूक मला दुरुस्त करता येते.”

जयवंत बाहेर गेला. “भाऊ, चहा घ्या,” तो पेंटरला म्हणाला. “होडीला रंग घरचाच आहे.”

उर्मीनं पॉलिशपेपर घेतला. आता घासणार, तोच आत्या ओरडली, “अगो, ओला आहे तो! सुकू दे की!”

“हो गं आत्या, ठाऊक आहे,” उर्मी म्हणाली. मऊ घासला जावा म्हणून कागद तिनं पाण्यात भिजत घातला, होडीशेजारी मांडी घातली, आणि ओघळ सुकेपर्यंत जागची हलली नाही.